बुधवारचं न्हाणं

...नाही, पण मी म्हणतो, मंगळवार होता की, शुक्रवार होता की! बायकांना तेल लावून न्हायला दोन वार दिलेत, मंगळवार आणि शुक्रवार, आणि आम्हा पुरुषांना दोन, बुधवार आणि शनिवार, हे आपल्या तंजावरात कुणाला सांगावं लागतं का हो? रांगतं पोर सांगेल. मग माझ्या घरात, माझ्या विहिरीपाशी, मी कचेरीतनं दमून येतो, पाय धुवायला दगडावर उभा राहतो, आणि सर्रकन घसरून आडवा होतो, का, तर दगडाला तेल! आणि वार कुठला? बुधवार.

तुम्हाला सांगतो, मी शंकेखोर माणूस नाही. कचेरीत आलेला कागद मी उलटून बघतो, पालटून बघतो, उजेडाला धरून बघतो, ते खरं, पण त्याला शंका म्हणत नाहीत, त्याला नोकरी म्हणतात. घरात मी साधा भोळा. पण आडवा पडल्यावर माणसाला जे उभ्यानं दिसत नाही ते दिसतं. मोरीच्या तोंडाशी शिकेकाईचा चोथा, ताजा. चुलाण्याखालची राख अजून गरम. आणि वाऱ्यावर सांब्राणीचा वास, केस सुकवायला धूप घालतात तो. म्हणजे कुणीतरी साग्रसंगीत न्हालेलं. म्हटलं, तुळजारामा, या घरात पुरुष कोण? मी. मी आज न्हालो का तेल लावून? नाही. मी सकाळी साबणानं आंघोळ केली. मग हे न्हाणं कुणाचं?

आता साबणाचं का, ते ऐका. कचेरीत लागलो त्या दिवशी आमचे हेडक्लार्क वैद्यनाथय्यर, मोठे कडक गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "रावजी, तेलाचं डोकं घेऊन इथे यायचं नाही. डोळे लाल होतात, झापड येते, कागदावर डाग पडतो, आणि साहेबाच्या नाकाला चालत नाही." साहेबाच्या नाकाला! तिथेच माझा बुधवार गेला आणि शनिवारही गेला. बाजारातनं गुलाबी साबणाची वडी आणली. आमची कनकलता, म्हणजे आमची मंडळी, तेव्हा म्हणाली होती, "सोडू नका हो, डोकं थंड राहतं." मी म्हटलं, अगं, जमाना सुधारला. आता सुधारलेल्या जमान्यात माझ्या डोक्याला कशी खाज सुटते, ते तुम्ही विचारू नका. शेंडीला गाठ मारावी तर गाठीपुरतेही केस नाहीत. पण ते असो. मुद्दा असा, की इतकी वर्षं आमच्या घरात पुरुषाच्या डोक्याला तेल लागलेलं नाही, आणि दगडावर तेल, आणि वार कुठला? बुधवार.

बरं, उठलो, धोतर झटकलं, आत गेलो, पान मांडलेलं होतं. भातावर काय वाढलं? मिऱ्याचं रसम्. सोबत सुंठीची चटणी. आता तेलाच्या न्हाण्यावर हेच जेवतात की नाही? थंडी बाधू नये म्हणून? मी म्हटलं, "कुणाला सर्दी झालीय?" म्हणाली, "नाही." "मग मिऱ्याचं रसम् कसाला?" म्हणाली, "असंच." असंच! तुम्हाला सांगतो, कचेरीत एखादा कुळकर्णी 'असंच' म्हणाला ना, की मी त्याचं दप्तर तीन वर्षं मागचं काढायला लावतो.

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं असावं, कारण ती जरा वेगळीच दिसली. चेहरा तजेलदार. टाचा भेगाळलेल्या असायच्या, त्या मऊ. केसांत कदंबाची वेणी, म्हणजे मोगरा आणि मरवा एकत्र गुंफलेली, देवाला घालतात तसली. लेक लग्न होऊन कुंभकोणम्‌ला गेली, आता हिला जावई आहे, आणि ही ताक घुसळताना गुणगुणते! मी म्हटलं, "आज बरी दिसतेस." तर म्हणते, "कोण?" आणि रसम् ढवळायला वळली. हे काय उत्तर झालं का हो? आणि मला सगळ्यात जे खटकलं ते हे, की ती आनंदात होती. आता आनंदाला काही कारण लागतं की नाही? पगार वाढला, नातू झाला, पाटाला पाणी सुटलं, काहीतरी. तसलं काही नव्हतं. आनंद मात्र होता. कुठनं आला?

माझी भीती काय होती ते तुम्हाला सरळच सांगतो, लपवत नाही. मी सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. मधला दिवसभर ते घर माझ्यावाचून चालतं. त्या घरात माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली असेल तर? कनका माझ्याकडे बघून गुणगुणत नव्हती, हे मला दिसत होतं. रात्री कूस बदलू बदलू अंग दुखलं.

आईला विचारलं. आमची आई दर बुधवारी सकाळपासनं देवळात हरिकथेला जाऊन बसते, ऐकू कमी येतं पण पुढे बसते. मी ओरडून विचारलं, "आई, बुधवारी आपल्या घरी कोण येतं?" आई म्हणाली, "मी कीर्तनात असते बाबा, मला कसं कळणार? पण मनापासून बोलावलं तर देव येतो म्हणतात." झालं. संशयितांत देवाची भर.

मग शेजारच्या शेषम्माक्का. ह्या दिवसभर तिण्णैवर बसतात, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, आणि गल्लीतनं मांजर गेलं तरी त्यांना विचारून जातं. मी नुसतं खाकरलो, तर म्हणाल्या, "तुळजाराम, मी काही बोलत नाही हं." म्हटलं, बोलू नका, सांगा. तर आवाज खाली करून म्हणतात, "बुधवारी दुपारी तुमच्याकडनं पल्लांगुळीच्या कवड्या वाजतात. खळ्ळ, खळ्ळ. आणि तुझी बायको हसते." माझ्या पायाखालचा ओटा सरकला. पल्लांगुळीचा पाट तुम्ही बघितलाय ना? खळगे असतात, कवड्या घालत जायच्या, आणि समोरासमोर दोघं बसावी लागतात. दोघं! म्हटलं, "अक्का, त्या दुसऱ्याचा आवाज कसा आहे?" म्हणाल्या, "अय्यो, तेच तर. तो बोलतच नाही. मुका असेल."

आता जुळवा तुम्हीच. तेल लावून न्हायल्यावर दिवसा झोपायचं नसतं, झोपलं तर अंगात ताप भरतो. म्हणून माणसं न्हाऊन काहीतरी खेळत बसतात. म्हणजे कोणी एक पुरुष, माझ्या विहिरीचं पाणी, माझ्या घरचं तेल, माझ्या घरचं रसम्, आणि वर माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या पाटावर झोप येऊ नये म्हणून कवड्या खेळतोय. मुका आहे. आणि वार कुठला? बुधवार.

मला आधी संशय आला कल्याणरामाचा. दोन घरं पलीकडे राहतो, राजवाड्याच्या पेन्शनीवर जगतो, काम नाही, धंदा नाही, शेंडी बघाल तर मनगटाएवढी, चकाकते. आणि त्याची विहीर यंदा आटलीय! विहीर आटलेला माणूस चकाकतो कसा? बुधवारी संध्याकाळी देवळात तो दिव्यासमोर वाकला, मी मागनं वाकलो आणि त्याची शेंडी हुंगली. आमच्या घरचं तेल मला अंधारातही कळेल. तिळाचं तेल, त्यात चार मिरे आणि चिमूटभर तांदूळ टाकून तडतडेपर्यंत तापवतात, माझ्या आजीपासनं तसंच. कल्याणरामाच्या शेंडीला वास आला एरंडेलाचा. शुद्ध एरंडेल. तो वळून म्हणाला, "तुळजारामराव, माझ्या शेंडीत काय हरवलं तुमचं?" म्हटलं, "मुंगी होती." म्हणाला, "मिळाली का?"

पण तुम्हाला सांगतो, एकदा हुंगायला लागलं की थांबता येत नाही. पुरोहिताला हुंगलं, त्याला भस्माचा वास. दूधवाल्याला हुंगलं, ते चुकलंच. वीणा शिकवायला गल्लीत एक मास्तर येतात, त्यांना हुंगलं, तर त्यांनी मला कापूर दिला, त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. पुढे पुढे देवळात मी उभा राहिलो की माझ्या चहूबाजूंनी जागा रिकामी व्हायची. आईला वाटलं, लोक मला मान देतायत.

शेवटी म्हटलं, हे असं नक्को. एका बुधवारी कचेरीत पोट धरलं, कण्हलो, वैद्यनाथय्यर म्हणाले जा, तसा मागच्या गल्लीनं परसात शिरलो आणि गोठ्यात पेंढ्याच्या गंजीमागे जाऊन बसलो. आमची गाय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत मला तरी संशयच दिसला. घरचा धनी पुढच्या दारानं येतो हे तिलाही माहीत आहे. पेंढ्याची धूळ नाकात, मुंग्या पायात, आणि शिंकायची चोरी. इतक्यात पलीकडनं कनकाचा आवाज आला. मऊ, गोड. "या. बसा. घाई कसली? आज मागे कुणाची पाळी नाही, पाणी भरपूर आहे. डोकं पुढे घ्या. डोळे मिटा. तेल जाईल."

डोळे मिटा! तेल जाईल! इतक्या मायेनं मला कुणी डोळे मिटायला शेवटचं कधी सांगितलं होतं, ते मला आठवेना. माझे डोळे भरून आले. म्हणजे धूळही होती, पण भरून आले.

मग पाण्याचा आवाज. तांब्यावर तांबे, ऊन पाणी, काटकसर नाही. आणि त्या पाण्यात ती गायला लागली. मोकळा गळा, सुरात, वरच्या पट्टीत जाऊन खाली आली, हसली, पुन्हा वर गेली. ही गाते हे मला माहीत होतं का? होतं. बघायला गेलो तेव्हा गायली होती. नंतर त्या घरात कुणी तिला गा म्हटलं नाही. मी पेंढ्यात बसून ऐकत राहिलो आणि खरं सांगतो, मी कुणाला पकडायला आलोय हेच काही वेळ विसरलो. गायीनं मान हलवली तेव्हा आठवलं. मग सांब्राणीचा धूर आला, म्हटलं आता न्हाणं आटोपलं, आता दोघं बसतील समोरासमोर, हीच वेळ. धोतर खोचलं आणि उडीच घेतली. "कोण आहे तो? बाहेर काढ त्याला!"

अंगणात उन्हात पाट. पाटावर कनका. ओले केस उपड्या टोपलीवर पसरलेले, खाली सांब्राणीचं धुपाटणं. तोंडाला मुगाचं पीठ आणि कस्तुरी हळद, जाडसर, वाळून कडक झालेलं. आणि दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, "कुठाय?" ती बोलेना. बोलली तर लेप तडकतो. नुसते डोळे माझ्याकडे वळवले, माझ्या डोक्यावरचा पेंढा बघितला, आणि एक बोट वर केलं. थांबा. आणि तुम्हाला सांगतो, मी थांबलो! पकडायला आलेला माणूस मी, उन्हात, डोक्यावर पेंढा घेऊन, बायकोचा लेप वाळायची वाट बघत उभा. उभ्या उभ्या हंड्यामागे बघितलं. विहिरीत वाकून बघितलं. विहिरीत एकच पुरुष दिसला, त्याच्याही डोक्यावर पेंढा होता.

मला विहिरीत वाकलेलं बघून तिला हसू आवरेना, लेप तडकला, टवके पडले, तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, "कुणाला शोधता?"

म्हटलं, "बुधवारी इथे न्हाणाऱ्या पुरुषाला."

"पुरुष कुठला? मीच न्हाते."

"बुधवारी? तुला मंगळवार आहे, शुक्रवार आहे!"

तिनं केस झटकले. "ते माझे? मंगळवारी तुमची थोरली बहीण येते, धाकटी येते, त्यांच्या मुली येतात, आपलं पाणी गोडं म्हणून. पहिलं डोकं आईंचं, मग थोरल्या वन्संचं, मग धाकट्या वन्संचं, मग पोरींच्या वेण्या. शुक्रवारी तेच. सगळ्यांना चोळून होईतो हंड्यात पाणी गार, वाटीत तेल नाही, शिकेकाईचा नुसता चोथा. लग्न होऊन आले तशी मी चोथ्यानं न्हाते, तुम्हाला ठाऊक आहे? घरात एक बुधवार होता. कुणी वापरत नव्हतं. वाया चालला होता. मी घेतला."

वाया चालला होता. मी घेतला. मोडकी वाटी उचलून गळत्या कौलाखाली ठेवावी, इतक्या सहज सांगितलं.

मी म्हटलं, "मग 'या, बसा' कुणाला म्हणत होतीस?"

"मला. दोन दिवस सगळ्यांना या-बसा म्हणते. एक दिवस मलाही कुणीतरी म्हणावं."

"आणि पल्लांगुळी?"

"न्हाल्यावर झोपायचं नसतं ना. उजवा हात माझा, डावा हात समोरच्याचा."

"मग हसतेस कसाला?"

"डावा हात कवड्या चोरतो."

म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगितलं असतं तर मंगळवारच्या सगळ्या बुधवारीही आल्या असत्या. आणि तुम्ही विचारलं असतं, कारण काय? कारण काही नाही. बरं वाटतं." आता बघा, मी कारणावर जगणारा माणूस. आमच्याकडे कारणावाचून कागद टेबलावरनं सरकत नाही. 'बरं वाटतं' हे मी कुठल्या दप्तरात ठेवू? पण ती समोर बसली होती, ओल्या केसांची, लालसर डोळ्यांची, आणि तिला खरंच बरं वाटत होतं, ते आंधळ्याला दिसलं असतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कुणी आला असता तर मी त्याची शेंडी धरली असती, भांडलो असतो, गल्ली गोळा केली असती. आता कुणाशी भांडू? तिच्या डाव्या हाताशी?

जागा गेली होती हो माझी. कुणी घेतली नव्हती. मीच उठून गेलो होतो साबणाची वडी घेऊन, आणि तिनं ती झाडून पुसून त्यावर पाट मांडला होता.

मी म्हटलं, "कनका, माझा बुधवार मला परत दे." रागावली नाही. म्हणाली, "घ्या की. मी अंगणातच बसते, आधी तुम्ही न्हा. तेल तापवते, मिरे टाकते, मी स्वतः चोळते. फक्त तेवढं घरी राहा." आणि माझ्या डोक्यावरचा पेंढा काढला, एक एक काडी, बोटं अजून तेलकट होती. अशी बोटं डोक्याला लागली ना, की माणूस नोकरीवर लाथ मारेल. मी मारली नाही, पण मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी वैद्यनाथय्यरांपुढे उभा राहिलो. म्हटलं, बुधवारची रजा पाहिजे, दर बुधवारची. म्हणाले, "कारण?" म्हटलं, "तेल लावून न्हायचं आहे." त्यांनी टाक खाली ठेवला. चष्म्यावरनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच संशय आला. म्हणाले, "रावजी, सरकारनं अख्खा रविवार दिलाय, तो कशासाठी? न्हा, खा, झोपा. बुधवारी इथे या."

रविवार! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! कचेरी सुटली तसा जवळजवळ धावतच आलो, वाटेत चांगलं तिळाचं तेल घेतलं, आणि दारातनंच ओरडलो, "कनका, रविवार!" तर ती आणि आई, ज्यांचं इतक्या वर्षांत मीठ किती घालावं यावरही एकमत झालेलं नाही, त्या दोघी एकदम म्हणाल्या, "रविवारी तेल? शिव शिव शिव!" रविवारी तेल लावलं तर ताप येतो. तेज जातं. पंचांगात छापलेलं आहे. आईला एरवी ढोल ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं. आता मला सांगा, सात वारांत सरकारला सुट्टी द्यायला नेमका तोच वार कसा सापडला, ज्या वारी तेल वर्ज्य? मी शंकेखोर नाही, पण साहेब आणि पंचांगवाले आतनं मिळालेले असावेत, असा मला दाट संशय आहे.

बरं, म्हटलं, बुधवार तुझ्याकडेच राहू दे, शनिवार तरी मोकळा आहे का? पुढेमागे साहेब बदलला, नाक बदललं, तर मला होईल. तर ती जरा ओशाळून म्हणाली, "तोही घेतलाय. तुमचं लक्ष नव्हतं."

म्हणजे आता तिच्याकडे दोन वार आहेत, बहिणींकडे दोन आहेत, देवाला सोमवार, गुरूला गुरुवार. उरलेल्या वारी मी घरी असतो, साबणानं आंघोळ करतो, आणि ती माझ्यापुढे उखळ ठेवते, कारण न्हाणी वाढली तशी शिकेकाई जास्त लागते आणि मुसळ तिच्या हाताला जड होतं. मी कुटतो. धुरळा उडतो, शिंका येतात, डोळ्यांतनं पाणी वाहतं, आणि ती आतनं विचारते, "बारीक झाली का?" वार कुठला? रविवार. तेलाला वर्ज्य, न्हाण्याला वर्ज्य. कुटायला मात्र कुठलाच वार वर्ज्य नाही, मी पंचांग उलटून बघितलं, पालटून बघितलं, उजेडाला धरूनही बघितलं.